कुंदा, तू कुणाला काय शिकवलंस?

कुंदा,

तू गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली. तुझ्याबद्दल असं काही काही ऐकायला मिळालं की मला वाटलं, ही माणसं चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी भेटायला आलीत.

आधी पाटणकर साहेब आले. बँकेतून निवृत्त झालेले, दर गुरुवारी सुरतेच्या दुसऱ्या टोकाहून, अडाजणहून, स्कूटरवर तुझ्याकडे शिकायला येणारे. ते म्हणाले, ताई फार बोलायच्या. एकेका स्वरावर इतक्या बोलायच्या की गाणं बाजूलाच राहायचं, पण मला तेच हवं होतं. ते उठले आणि त्याच खुर्चीवर लिंबायतचा जगदीश येऊन बसला. लूमवरची पाळी संपवून तसाच आला होता, केसांत धाग्याची कुसं. तो म्हणाला, बाई कधी बोलल्याच नाहीत. एवढी वर्षं आलो, पण बाईंचं बोलणं म्हणजे एक मान हलवणं. मग खालच्या मजल्यावरची हेतल आली. रडून डोळे सुजलेले. ती म्हणाली, बेन माझ्यावर खूप ओरडायच्या, आता कोण ओरडणार? जगदीशने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू ती पोरगी खोटं बोलतेय. बाई आणि ओरडतील?

मी गणिताचा मास्तर. एका प्रश्नाची तीन उत्तरं आली तर निदान दोघं चुकलेत असं धरून चालायचं, ही जन्माची सवय. पण इथे तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. मग यातली तू कुठली? आणि ज्या बाईबरोबर माझा संसार झाला, जी जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच सांगायची आणि बाकी वेळ कसली तरी धून तोंडातल्या तोंडात घोळवत असायची, ती चौथीच होती का?

आपली रेवा तेराव्यानंतर बडोद्याला परत गेली. मलाही चला म्हणत होती. मी म्हटलं, इतक्यात नको. तिला वाटलं, बाबांचा पाय घरातून निघत नाहीये. ते खरंच, पण पुरतं खरं नाही. मला हा प्रश्न सोडवायचा होता.

आपल्या उधन्याच्या घराची रचनाच अशी की पुढच्या खोलीतलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू यावं. तू पुढे शिकवायचीस, मी आत ओट्याशेजारच्या टेबलावर पेपर तपासायचो. निवृत्त झाल्यावर पेपर सुटले, टेबल सुटलं नाही. मागच्या गल्लीत कापड विणायचं लूमचं खातं, त्याची दिवसभर खटखट. त्या खटखटीतून तुझ्या शिष्यांचे आवाज माझ्यापर्यंत यायचे. एक गेला की दुसरा. दोघं एकत्र कधीच नाहीत. बहिणी बहिणी आल्या तरी एकीला तू जिन्यात बसवायचीस. मी म्हणायचो, अगं, दोघींना एकदमच सांग की, तेच तर सांगायचंय. तू म्हणायचीस, तेच नाही सांगायचं.

आपल्या भांडणाची सुरुवात मला पक्की आठवते. सुरतेत नवीन आलो होतो. मी पालिकेच्या मराठी शाळेत लागलो आणि तू एका खाजगी शाळेत संगीताची बाई. तिथे सकाळची प्रार्थना होती, सगळ्यांनी एकाच पट्टीत म्हणायची, आणि ती पट्टी मोठ्या बाईंनी ठरवलेली. त्यांच्या स्वतःच्या गळ्याला सोयीची. आवाज फुटायला आलेल्या मुलांना सांगितलेलं, तुम्ही नुसते ओठ हलवा. तू काही महिने ते पाहिलंस आणि एका दुपारी घरी येऊन सांगितलंस की मी ती नोकरी सोडली.

मी चिडलो होतो. म्हटलं, शाळा म्हटल्यावर एकच माप असणार. तू रागावलीस की तुझं अकोला बाहेर यायचं. म्हणालीस, "काहून? माप घेतात ते कपडा शिवायसाठी. अन् तेही ज्याचं त्याचं घेतात."

कापडाच्या या गावात त्यावर उत्तर शोधायला मला एक रात्र लागली. पण दुसऱ्या दिवशी मी तुला माझी बाजू नीट मांडून सांगितली होती, आणि ती मी आजही सोडलेली नाही. माझ्या वर्गातली पोरं लूमवाल्यांची, रंगारी खात्यातल्या माणसांची, धुळे-नंदुरबारकडून पोटासाठी आलेल्या घरांतली. त्यांच्याकडे बघून प्रत्येक जण हेच म्हणत आला की यांना एवढंच झेपेल. झेपेल तेवढंच द्या, असं म्हणत म्हणत त्यांना कायम कमी वाढलं गेलं. म्हणून मी अडूनच बसायचो, की पुढच्या बाकावरच्याला जे अवघड गणित तेच मागच्या बाकावरच्याला. माप बदललं की गरिबाच्या वाट्याला आखूड येतं.

तू ऐकून घेतलंस आणि कपडे वाळत घालायला गेलीस. मला वाटलं, जिंकलो. दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता तू मागे न बघता म्हणालीस, "मी कमी नाही देत हो. दुसऱ्या दारानं आत नेते." आणि मग जरा वेळाने, "तुमचे सात चोक अठ्ठावीस उधन्यातही अठ्ठावीस अन् अकोल्यातही. माझा सा ज्याचा त्याचा असतो."

हे भांडण मग आपल्या घरात कायमचं राहायला आलं. आपण त्याला जेवायला वाढायचो, पाहुणे आले की आत ढकलायचो.

जगदीश आला तेव्हा मला वाटलं, आता हिची खोड मोडणार. त्याला त्याच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने गाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. टाळ वाजव, बस, पण तोंड उघडू नको. बिचारा तुझ्यासमोर मांडी घालून बसला आणि गायला लागला. मी आत कानांवर हात ठेवले. सूर म्हणून काही नव्हतंच. तू काही दिवस नुसतं ऐकून घेतलंस. एकदा तू उठून खिडकी लावायला गेलीस आणि पाठमोरी असतानाच त्याला म्हणालीस की पाणी घे. तो हलला नाही. तू पुन्हा म्हणालीस. तो तुझ्या पाठीकडे बघत बसून राहिला. वळून त्याच्याकडे तोंड करून म्हणालीस तेव्हा त्याने लगेच तांब्या उचलला. मी आतून बघत होतो, मला त्यात काही दिसलं नाही. तुला दिसलं. लूमच्या आवाजात उभा जन्म गेलेला तो माणूस, त्याला अर्धंअधिक ऐकूच येत नव्हतं. लोकांच्या ओठांवरून तो निभावून नेत होता आणि हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

तू त्याला तसं तोंडावर सांगितलं नाहीस. पेटी ओढून त्याच्यापुढे घेतलीस, त्याचा पंजा धरून पेटीच्या पाठीवर, लाकडावर ठेवलास आणि एकच सूर धरून राहिलीस. कितीतरी वेळ. त्याने डोळे मिटले. मग त्याच्या घशातून काहीतरी निघालं, घसरलं, पुन्हा निघालं, आणि एकदम त्या सुराला जाऊन चिकटलं. माझ्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली.

तो डोळे उघडून म्हणाला, "बाई, कानले नही, हातले समजस."

ती माझ्या आईची बोली. कानाला नाही, हाताला समजतंय. मला आत बसून उगाच भरून आलं. तरी संध्याकाळी मी तुझ्याशी वाद घातलाच. म्हटलं, मंडळात काय तो पेटीला मिठी मारून गाणार? तू म्हणालीस, मारेल. आणि मारली त्याने, कुंदा. मंडळाचा पेटीवाला डाव्या अंगाला सरकून बसायचा आणि जगदीश पेटीवर तळवा टेकून गायचा. आपण दोघं बघायला गेलो होतो लिंबायतला, एका रिक्षावाल्याच्या घरच्या भजनाला. परतताना तू मला विचारलं नाहीस की आता काय म्हणणं आहे. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. मी तयारी करून बसलो होतो.

म्हणजे जगदीशला न बोलणारी बाई का भेटली, ते उघड आहे. बोलून उपयोग नव्हता. पण पाटणकरांशी तू एवढं काय बोलायचीस? मी परवा त्यांना फोन करून विचारलं. ते हसले. म्हणाले, मास्तर, मी जन्मभर कर्जाचे अर्ज तपासले. शंका फिटल्याशिवाय माझी सही होत नसे. ताईंच्या लक्षात आलं की या माणसाचा गळा शंकेवर अडतो. सगळं विचारून झालं की मगच मी गायचो, आणि तेव्हा मात्र बरा गायचो. मी त्यांना विचारलं, तिने हे तुम्हाला सांगितलं होतं? ते म्हणाले, छे, मलाच आत्ता तुम्ही विचारल्यावर कळतंय.

हेतलचं ओरडणं उरलं. ती कॉलेजात असताना तिची आई तिला घेऊन आली होती. म्हणाली होती, बेन, छोकरीचा अवाज जाडो आहे, जरा बारीक करून द्या, पाहुणे बघायला येतात. मराठी-गुजराती मिसळून ती हे अगदी सहज बोलली, ब्लाउज आत घ्यायला सांगावं तसं. ती पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. तिला बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. जिन्यात भेटली की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

तू तिच्या आईला बरं म्हणालीस. आणि आई गेल्यावर आवाज बारीक करण्याच्या ऐवजी बरोबर उलटं सुरू केलंस. बायका ज्या पट्टीत गातात ती सोडून तू तिला थेट काळी एकमध्ये उतरवलंस, पुरुषांच्या पट्टीत. ती कुजबुजली की तू ओरडायचीस. माझ्या हातून चहा सांडावा इतकं ओरडायचीस. "हळू काहून बोलतेस? कोणाची चोरी केलीस काय?" ती रडायची. मला ते सहन होत नसे. मी एकदा तुला म्हटलं, जगदीशशी इतकी मऊ आणि या लेकराशी अशी का? तू म्हणालीस, जगदीशला कुणी तरी समजून घ्यायला पाहिजे होतं. हिला सगळेच समजून घेतात. हिच्यावर कुणी तरी भरवसा ठेवायला पाहिजे.

ओरडणं म्हणजे भरवसा, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढे त्या वर्षीच्या नवरात्रात आपल्या सोसायटीत लाउडस्पीकर बिघडला आणि हेतलने मधोमध उभं राहून, माइकशिवाय, गरबा उचलला, तो मी गच्चीतून ऐकला. तो जाड, भरदार आवाज पार कोपऱ्यावर वाफवलेला लोचो विकणाऱ्याच्या गाडीपर्यंत गेला असेल. तिची आई टाळ्या द्यायचं विसरून उभी होती. आता ती पोरगी माहेरी, खालच्याच मजल्यावर येऊन, स्वतः लहान मुलांना शिकवते. सून म्हणून जिथे गेली तिथेही जाड आवाजातच बोलते म्हणे.

इथवर माझं कोडं सुटत होतं. ज्याला जी हवी ती तू झालीस, असं उत्तर मांडून मी खाली रेघ मारणार होतो. पण एक पद उरतंच. मी.

निवृत्त झाल्यावर मी तुला म्हटलं होतं, आता मलाही शिकव. तू हातातल्या कपड्याची घडी करायची थांबलीस. मला वाटलं खूश झालीस. तू म्हणालीस, "तुम्हाला शिकायचं नाहीये. तुम्हाला तपासायचंय."

मला ते लागलं. लागलं म्हणून मी पुन्हा विचारलं नाही आणि तूही विषय काढला नाहीस. मागल्या वर्षी, चहा पिताना, मी पुन्हा म्हटलं. या वेळी तू नाही म्हणाली नाहीस. माझ्याकडे बराच वेळ बघितलंस, नवीन शिष्य आला की बघायचीस तसं, आणि म्हणालीस, बघू. त्या बघूचा अर्थ मी किती प्रकारांनी लावला असेल. तुला वेळ नव्हता? कंटाळा होता? की इतकी वर्षं दारं शोधून देणाऱ्या बाईला नवऱ्याचं दारच सापडत नव्हतं?

मग तुला झटका आला. तुझी उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यात मी तुझा डावा हात हातात घेऊन बसायचो. एका सकाळी तुझी बोटं माझ्या तळव्यावर हलायला लागली. आधी मला वाटलं, काही तरी मागते आहेस. पाणी? रेवा? उशी? प्रत्येकाला तू डोळ्यांनी नाही म्हणत होतीस आणि बोटं थांबत नव्हती. मग लक्षात आलं, ही पेटीवरची बोटं आहेत. एक, मग शेजारचं, मग पुन्हा पहिलं, मग थांबणं. काही तरी वाजवत होतीस. कुठलं? मी पट्ट्या ओळखत नाही, आणि तळव्यावर तर पट्ट्याही नव्हत्या. मी ते लक्षात ठेवायचा प्रयत्न केला, पण पाढ्यासारखं काही ते डोक्यात बसेना. जगदीश तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेला होता, कुंदा. त्याला आत बोलवायचं मला सुचलं नाही. दुपारी तो आत आला तेव्हा तुझी बोटं शांत झाली होती. त्याच्या हाताला कदाचित समजलं असतं. कदाचित नसतंही. हे मला आता कोणीच सांगू शकणार नाही, आणि त्याची चुटपूट राहील ती राहीलच.

मागच्या रविवारी सगळे पुन्हा जमले. कल्पना पाटणकरांची. तू प्रत्येकाला पहिलं पुरं गाणं म्हणून जे शिकवायचीस, ते तुझ्या वडिलांचं नदीवरचं भजन, ते सगळ्यांनी मिळून तुझ्या फोटोपुढे म्हणायचं. तसं सोपं. सगळ्यांना येतंच. पुढच्या खोलीत सतरंजी घातली. इतकी माणसं त्या खोलीत एका वेळी गायला पहिल्यांदाच बसली असतील. हेतल पेटीवर, जगदीश तिच्याजवळ तळवा टेकून, पाटणकर मधोमध. आणखीही पाचसहा जण.

सुरुवात झाली आणि जे झालं ते तू ऐकायला हवं होतंस. बाजारात एकदम चार मिरवणुका समोरासमोर याव्यात तसं. पाटणकर पहिल्याच शब्दावर रेंगाळले होते, तोवर जगदीश सरळ, ताणलेल्या धाग्यासारखा, कडव्याच्या शेवटाला पोचला. हेतल खाली गेली तिथे बाकीच्या बायका वर. एकाचं दुसरं कडवं तेच दुसऱ्याचं पहिलं. सगळे थांबले. एकमेकांकडे बघायला लागले.

पाटणकर जरा कडक आवाजात म्हणाले की मूळ चाल त्यांचीच आहे, कारण ताईंनी स्वतः सांगितलं होतं, ही माझ्या वडिलांची चाल. हेतल म्हणाली, मलाही बेननी हेच सांगितलं होतं. जगदीशला कुणी तरी तोंड समोर करून विचारलं, तर तोही म्हणाला, बाईंनी ही वडिलांची म्हणूनच दिली. हेतलने पेटीवरचा हात काढला. मला माणसांच्या चेहऱ्यावर एक शंका दिसली, जी मला तुझ्याबद्दल कुणाच्याच चेहऱ्यावर बघायची नव्हती. बाईंनी आपल्याला गोड वाटावं म्हणून असं सांगितलं होतं का?

आणि मी, जो इतकी वर्षं म्हणत आलो की काही तरी एक सगळ्यांना सारखं हवं, नाही तर माणसं एकत्र बसणार कशी, तो मी आतल्या दारात उभा होतो. माझं म्हणणं माझ्या डोळ्यांसमोर खरं ठरत होतं. त्याचा आनंद काही झाला नाही.

पाटणकर माझ्याकडे वळले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्यांच्या वडिलांना ऐकलंय. तुम्हीच सांगा, खरी कुठली?"

मी ऐकलंय. आपलं लग्न ठरल्यापासून ते जाईपर्यंत, अकोल्याला गेलो की तुझे बाबा ते भजन म्हणायचेच. सकाळी विहिरीवर पाणी ओढताना ते भरभर, एकाच ओळीत खेचून म्हणायचे. दुपारी जेवण झाल्यावर आडवे होऊन म्हणायचे तेव्हा त्याला अंतच नसायचा, एकेका शब्दावर झोपायचे. आणि तुझी आई आजारी होती त्या उन्हाळ्यात मी त्यांना ते इतकं खाली म्हणताना ऐकलं की आधी ओळखूच आलं नाही. जावई म्हणून मी एकदा धीर करून विचारलंही होतं, बाबा, याची नक्की चाल कोणती? त्यांना प्रश्नच कळला नव्हता. म्हणाले होते, हीच की.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. जगदीशला सांगितलं, तुझी विहिरीवरची. पाटणकरांना त्यांची दुपारची. आणि हेतलला, तुझी त्या उन्हाळ्यातली, खालची. मग मीच म्हटलं, एकत्र नका म्हणू. एकामागून एक म्हणा.

तसं म्हटलं त्यांनी. आणि कुंदा, मधेच माझ्या ध्यानात आलं की आता कोण कुठे वळणार हे मला आधीच माहीत आहे. पाटणकर तिसऱ्या ओळीआधी श्वास चोरतात, जगदीश शेवटचा शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा ठेवतो, सगळं. त्या खोलीत प्रत्येकाला आपापलं भजन येत होतं. सगळ्यांचं येणारा मी एकटा. ओट्याशेजारी बसून हे कधी झालं? तू मला शिकवत नाहीस असं मी म्हणत राहिलो आणि तू दार उघडं ठेवून शिकवत राहिलीस, असं आता म्हणता येईल. पण मी ते म्हणणार नाही. तू असं काही योजून केलं असतंस तर मला टोमणा मारल्याशिवाय राहिली नसतीस. झालं ते आपसूक झालं असेल. की नाही? बघ, इथेही तू मला अडकवून ठेवलंस.

मंडळी चहाला उठली तेव्हा हेतल पेटीवरच बसून होती. म्हणाली, "काका, सगळ्यांचं सांगितलंत. तुमचं कुठलं?"

मी म्हटलं, माझं नाहीच. तिने मला समोर बसायला लावलं आणि म्हणाली, कुठल्याही पट्टीत, जसा येईल तसा सा लावा. मी इकडेतिकडे बघितलं. पाटणकर मुद्दाम खिडकीकडे तोंड करून चहा पीत होते. मी तोंड उघडलं. जे निघालं ते निघालं. हेतलने पेटीवर एक पट्टी दाबली, मान हलवली, शेजारची दाबली, पुन्हा मान हलवली. पुन्हा पहिली. मग हसायला लागली. माझा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडतो, कुंदा. पेटीवर तो नाहीच.

मला क्षणभर वाटलं, बघूचा अर्थ हा होता. तुला माहीत होतं का? आंघोळ करताना, देवापुढे, मी काही तरी गुणगुणत असतो ते तू ऐकत होतीसच. तुला कळलं असणार की या माणसाला पेटी चालायची नाही. मग तू काही तरी शोधत होतीस का माझ्यासाठी? की नुसतीच टाळत होतीस? दोन्ही शक्य आहे. तुझ्याबाबतीत मला नेहमी दोन्ही शक्य वाटतं.

हेतलने पेटीचा भाता बंद केला आणि कपाटातून तुझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. त्याला एक बारीक गोल बटण असतं, सूर केसभर वरखाली करायचं, हे मला आजवर माहीत नव्हतं. ती म्हणाली, लावून ठेवा, सोडू नका. मी सा लावून बसलो आणि ती ते बटण हळूहळू फिरवत राहिली. तानपुरा माझ्याकडे येत होता, जवळ, आणखी जवळ. एका जागी माझा आवाज मला ऐकू येईनासा झाला. मी दचकून थांबलो. मला वाटलं, आवाज बसला की काय.

"मळी गयो, काका," ती म्हणाली. मिळाला.

मंगळवारपासून मी खालच्या मजल्यावर जातो. हेतल माझ्यावर ओरडत नाही, फार बोलतही नाही. ती मला गणितं घालते. म्हणते, काका, मधल्या स्वरापर्यंत जायचं आहे, किती पायऱ्यांनी जाल? मी चुकतो. चुकल्यावर तुझ्यासारखीच तीही लाल पेन्सिल उचलत नाही, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

आपलं भांडण मी सोडलेलं नाही. सगळ्यांना सारखं अवघड द्यायला हवं, असं मला अजून वाटतं. पण आता ते भांडण चालू ठेवायचं तर दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागणार. माझी मला पाठ आहे. तुझी नीट येत नाही. तेवढ्यासाठी शिकतो आहे.